घरात आलेली चपटी

मी बेस गिटार बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका, कारण माझा आवाज मुळातच खालचा, आणि आज तर माझी सगळ्यात जाड तार मेलेली आहे. एरवी मी कधी घाई करत नाही. गाण्यात बाकीचे पळतात, मी आपली एकेक पाऊल टाकत मागून येते. पण आज वेळ नाही. माझा माणूस पलंगाच्या काठावर बसलाय, मी त्याच्या मांडीवर आहे, आणि समोर टेबलावर एक बाटली उभी आहे. मागच्या खिशात बसेल अशी, चपटी. तिचं झाकण अजून फिरवलेलं नाही. ते फिरायच्या आत मला सगळं सांगून टाकायचंय. तुम्हाला सांगून काय होणार, ते मला ठाऊक नाही. पण त्याला सांगता येत नाही, त्याच्या बायकोला सांगता येत नाही, मग निदान तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. धड एका झाडाचं, मान दुसऱ्या झाडाची, आणि लग्न लावून द्यावं तसं स्क्रू पिळून दोघांना एकत्र आणलेलं. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. तारा रात्रंदिवस मान ओढत असतात ना, त्या ओढीला ही सळई तोंड देते. माझी सळई बसवतानाच अडकली. ती ना इकडे फिरते ना तिकडे. तपासणाऱ्या माणसाने दोनदा पिळून बघितली, डबा खायची वेळ झाली होती, म्हणाला "चालतंय" आणि शिक्का मारला. माणसांचा हा शब्द मी पुढे फार ऐकला. माझं आख्खं आयुष्य त्या एका 'चालतंय'वर चाललंय.

माझा पहिला मालक एक मिशी फुटू लागलेला मुलगा होता. त्याला खरं तर गिटार वाजवायची होती, पण त्याच्या टोळक्यात गिटारवाले आधीच दोन होते, तेव्हा उरलेलं म्हणून मी पदरात पडले. पडलं पदरी आणि पवित्र झालं, असं काही त्याने मानलं नाही. फोटोत आपण नेहमी कडेलाच येतो आणि ऐकणारे आपल्याला ऐकतच नाहीत, हे कळल्यावर त्याचा जीव माझ्यावरून उडाला. मग मी बराच काळ कपाटामागे इस्त्रीच्या फळीशेजारी काढला, आणि तिथून वाद्यांच्या दुकानात आले.

तिथे हा आला. अंगात कामाचा निळा डगला, नखांत वंगण. लिफ्ट दुरुस्त करतो. मला भिंतीवरून उतरवलं, एक सूर वाजवला आणि तो सूर विझेपर्यंत तसाच उभा राहिला.

"अरे, काहीतरी वाजव की," दुकानदार म्हणाला.

"वाजवतोयच," हा म्हणाला.

त्याच दिवशी मी त्याची झाले. पुढे बँडमध्ये त्याला सगळे 'खांब' म्हणायला लागले, कारण गाणं कितीही उसळलं तरी हा जागचा हलत नाही. आमची जोडी जमली त्याला कारण होतं. लिफ्ट अडकत नाही तोवर लिफ्टवाल्याची आठवण कुणाला येत नाही, आणि मी थांबत नाही तोवर माझी. थांबले की मात्र सगळे इकडे-तिकडे बघतात आणि विचारतात, काय गेलं रे?

आता जे सांगायचं ते मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या पेटीच्या आत, मानेखाली, जादा तारा ठेवायचा एक कप्पा आहे. त्या कप्प्यात चपटी बाटली बरोबर मावते. जणू मापानेच शिवलाय. कित्येक वर्षं माझ्या पेटीत तारा कमी आणि चपट्या जास्त राहिल्या. तालमीला जाताना एक, येताना दुसरी. बायको विचारायची, "प्यायलात?" आणि हा म्हणायचा, "नाही गं." कधी खोकल्याचं औषध असायचं, कधी कुणाचा तरी वाढदिवस, कधी मित्राने बळेच एक घोट दिलेला. मला तर एकदा तो एका इमारतीच्या लिफ्टच्या खोलीत विसरून गेला. दोन दिवस मी तिथे मोटारीची घरघर ऐकत पडले होते, आणि त्याला मी आठवतही नव्हते.

त्याची बायको कपडे आल्टर करून देण्याच्या दुकानात काम करते. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय. दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, असा तिचा हात. नवऱ्याच्या बाबतीतही तिने पुष्कळदा माप घेतलं. शेवटी एक दिवस तिने तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या आणि शांतपणे सांगितलं, "यापुढे विचारणार नाही, भांडणार नाही. घरात पुन्हा चपटी आलेली कळली, की मी पोरीला घेऊन भावाकडे जाईन." मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती दारामागे उभी राहून ऐकत होती.

त्या दिवसापासून त्याने सोडली. सोडली म्हणजे रोज सोडली. संध्याकाळी ती वेळ आली की त्याचे हात थरथरायला लागायचे, आणि मग तो मला उचलायचा. स्पीकर न लावता, नुसती मांडीवर घेऊन वाजवत बसायचा. एकदा मुलीने विचारलं, "बाबा, रोज याच वेळेला का रे वाजवतोस?" तो म्हणाला, "एका हातात एकच मान धरता येते. हिची धरली की बाटलीची धरता येत नाही." मुलगी हसली. स्वयंपाकघरात बायकोचं भांडं घासणं थांबलं, आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झालं. मुलगी मग माझ्या पाठीला कान लावून बसायला लागली, कारण स्पीकरशिवाय मी तशीच ऐकू येते. त्या घरात माझं सगळं ऐकणारी तेवढी एकच.

म्हणजे बघा, ज्या माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्या माझ्यावर एक घर उभं होतं. वाजवणं सुटलं तर दारू धरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

आणि अशात त्याची बोटं गेली.

कामावर वंगण काढायचं एक नवीन औषध आलं. त्याने त्याच्या हातांची कातडी सोलायला लागली. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, ओठ फुटावेत तशा. आता माझ्या तारा कशा असतात ते सांगते. मधे पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली. ती वरची तार गोल असली, की तारेला आडवे कंगोरे येतात आणि हात फिरवला की कानशीवरून फिरवल्यासारखं लागतं. धडधाकट बोटांना त्याचं काही वाटत नाही. पण भेगाळलेल्या बोटांना? तो एक सूर दाबायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. माझ्या तारांवर रक्त वाळायला लागलं. ज्याला मी वाचवत होते, त्यालाच मी रोज संध्याकाळी सोलत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मीच देत होते आणि मीच खात होते.

डॉक्टरने मलम दिलं आणि सांगितलं, बोटं घासू नका. म्हणजे वाजवू नका. हे त्याने घरी सांगितलं नाही. बायकोला सांगितलं तर तिची झोप उडेल, आता हा पुन्हा सुरू करणार म्हणून ती धास्तावेल, असं त्याला वाटलं. म्हणून तो बाथरूममध्ये जायचा, कडी लावायचा, स्पिरिटने बोटं पुसायचा. त्याच स्पिरिटच्या चिंधीने माझ्या तारांवरचं रक्त काढायचा, आणि चिंधी माझ्या पेटीतल्या कप्प्यात कोंबायचा. हो, त्याच कप्प्यात. बाहेर आला की हातांना वास यायचा. बायको मान वळवायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं, त्याची बोटं बघ! पण मी पडले बेस. मी ओरडले तरी शेजारच्या भिंतीला कळतं, माणसांना कळत नाही.

शेवटी तो मला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने बोटं बघितली आणि म्हणाला, "गोल तारा बास झाल्या आता. चपट्या घाल."

गाभ्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली की तार काचेसारखी गुळगुळीत होते. तिला दुकानात सगळे नुसतं 'चपटी' म्हणतात.

"चपट्या?" खांब कसनुसा हसला.

"ह्या दुकानात तुला एवढीच चपटी मिळेल बाबा. दुसरी मागितलीस तर बाहेर काढीन."

मग निवड सुरू झाली. आधी दुकानदाराने जाड पोलादी चपट्या काढल्या. भरदार आवाज, पण ओढ भारी. माझ्या मानेकडे बघून तो म्हणाला, "हिची सळई अडकलीय. ह्या कडक तारा घातल्यास तर मान जाईल." खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. मग काळं आवरण घातलेल्या नायलॉनच्या निघाल्या. त्या दुसऱ्या एका गिटारवर होत्या, खांबने वाजवून बघितल्या. बोटांना मऊ, पण आवाज उशीवर काठी मारल्यासारखा. शेवटी एका जुन्या गिटारवर हलक्या ओढीच्या चपट्या होत्या, ती त्याने हातात घेतली. भेगाळलेलं बोट खालपासून वरपर्यंत फिरवलं. करकर नाही, चिरणं नाही. एक सूर वाजवला आणि विझेपर्यंत उभा राहिला, पहिल्या दिवशी उभा होता तसा. त्याचे डोळे भरून आले, आणि दुकानदार उगीचच काउंटर पुसायला लागला.

"ह्याच," खांब म्हणाला.

"मागवाव्या लागतील. आणि एक ध्यानात ठेव. गोल तारा तू कशाही कापल्यास, त्यांनी सोसलं. चपटी सोसत नाही. आधी वाकव, मग काप. कापायची जागा बोटाने माप, तिथे काटकोनात वाकव, घडी पक्की बसू दे, मग टोक काप. आधी कापलीस तर वरची पट्टी गाभ्यावरून सुटते. तार दिसायला चांगली दिसते, पण आतून मेलेली असते. मग काही केल्या जिवंत होत नाही."

"आधी वाकव, मग काप," खांब पोरासारखं घोकत घरी आला.

आज दुपारी फोन आला. सुट्टीचा दिवस, मुलगी चित्र काढत होती, बायको पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी पँटची खालची घडी टाचत होती. खांब हळू आवाजात बोलत होता. हळू बोललेलंच नेमकं घरभर ऐकू जातं, हे माणसांना कसं कळत नाही?

"आली का चपटी?... नाही रे, आता गोलबिल काही नको, सोसतच नाही... हलकी आहे ना पण? कडक नको, कडक घेतली तर मान जाईल... आत्ताच येतो. आजची संध्याकाळ तिच्याशिवाय निघायची नाही... छे, घरी काही बोललो नाही. कळलं तर जिवाला घोर लावून घेईल... हो, पेटीतल्या कप्प्यात ठेवतो. कुणाला दिसणार नाही."

पलीकडच्या खोलीत टाचणी खाली पडली. मला फरशीतून कळलं.

मान म्हणजे माझी मान हो! माझी! पण हे सांगणार कोण? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या बाईचं तोंड तर किती वर्षं पोळत होतं. खांब शीळ घालत जिना उतरला. तो शीळ घालतोय हेही तिने ऐकलं.

ती आली, माझी पेटी उघडली आणि थेट त्या कप्प्यात हात घातला. चिंधी निघाली. तिने ती नाकाला लावली आणि जागच्या जागी खाली बसली. चिंधीवर तपकिरी डाग होते. डोळ्यांनी बघितलं असतं तर तिला कळलं असतं, रोज कापडांवरचे डाग बघणारी बाई ती. पण नाकानेच निकाल दिला होता.

दोन बॅगा भरल्या गेल्या. एक तिची, एक मुलीची.

"आई, बाबाला एकदा विचार तरी."

"विचारून झालंय माझं. चल, मामा खाली येतोय."

मुलगी माझ्याजवळ आली, पाठीला कान लावला. मला कुणी वाजवतच नव्हतं, तिला काय ऐकू येणार? दार बंद झालं. जिना उतरणारी पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

खांब परत आला तो दारातूनच बोलत. "अगं, ऐकलंस का? आज तुला एक गंमत दाखवतो!" कुणी नाही. बाजारात गेल्या असतील, असं म्हणून तो खुशीत माझ्या जुन्या तारा काढायला बसला. आता मी तुम्हाला एक सांगते, हसू नका. त्या हलक्या चपट्या एकेक करून अंगावर चढताना मला नवीन कपडे घातल्यासारखं वाटलं. धाकटी चढली. मापली, वाकवली, कापली. तिसरी चढली. दुसरीही. दर वेळी तो पुटपुटत होता, आधी वाकव, मग काप. थोरली, म्हणजे सगळ्यात जाड, हातात घेतली, खुंटीपाशी बोटाने माप घेतलं, आणि फोन वाजला.

मेहुणा होता. "ताई आणि पोरगी माझ्याकडे आहेत. आता फोन करू नका, भावजी."

"का? काय झालं?"

"ते तुम्हीच सांगा. घरात चपटी आली म्हणे पुन्हा."

खांब आधी हसला. मग त्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि आतून निघून गेलं. "अरे, चपट्या म्हणजे तारा रे! गिटारच्या तारा! आत्ता माझ्या हातात आहे बघ!"

"भावजी, पिणाऱ्याला कारणांचा तोटा नसतो. मागे खोकल्याचं औषध होतं, आता तारा. राहू द्या."

फोन बंद झाला. ह्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. आयुष्यात जेवढ्या वेळा खोटं बोलला तेवढ्या वेळा लोकांनी ऐकून तरी घेतलं, आणि आज खरं बोलत होता तर ऐकायला कुणी नव्हतं. एका हातात थोरली, दुसऱ्या हातात पक्कड. मी आतून किंचाळत होते, वाकव! आधी वाकव! त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. रागाने पक्कड दाबली गेली आणि टोक उडून पलंगाखाली गेलं. मग त्याला आठवलं.

तरीही त्याने ती चढवली, खुंटी पिळली, वाजवून बघितली. ठब्ब. ओल्या मातीच्या ढिगावर वीट पडावी तसा आवाज. पुन्हा वाजवली. ठब्ब.

तो उठला. "आळ आलाच आहे," असं काहीतरी म्हणाला आणि खाली गेला. परत आला तेव्हा ही होती. हीच, टेबलावरची.

तर इथपर्यंत आलो आपण. झाकणाला त्याने एकदा हात लावून बघितलाय. मग मला मांडीवर घेतलंय. डावा हात माझ्या मानेवर आहे. उजवा मोकळा आहे. त्या मोकळ्या हाताची मला भीती वाटते. मी काय करू? मला हात नाहीत, तोंड नाही, आणि ज्या तारेने मी त्याला छातीपर्यंत हलवू शकले असते, तीच मेलीय. तुम्हीच सांगा, मी काय करू?

थांबा. जिन्यावर पावलं आहेत. हलकी, पायऱ्या गाळत येणारी. मुलगी!

दार ढकलून ती आत आली. "माझी रंगपेटी राहिली. आई खाली गाडीत थांबलीय," बापाकडे न बघता म्हणाली. मग तिला बाटली दिसली आणि ती तिथेच थांबली. खांबचा हात बाटलीकडे निघाला, लपवायला. अर्ध्यावर गेला आणि परत आला.

"घे तुझी पेटी," तो म्हणाला.

रंगपेटी पलंगाखाली होती. ती वाकली, पेटी ओढली, आणि तिच्या हाताला तारेचं तुटलेलं टोक लागलं. उठताना तिचा दुसरा हात माझ्या तारांवरून फिरला.

"ह्या वेगळ्या आहेत. गुळगुळीत."

"चपट्या आहेत त्या."

"काय म्हणालास?"

"चपट्या तारा. त्याच आणायला गेलो होतो दुपारी."

ती त्याच्या बोटांकडे बघत होती. मग तिने टेबलाकडे बोट केलं. "आणि ती?"

"ती नंतर आणली."

"प्यायलास?"

"अजून नाही."

त्या 'अजून'ने माझ्या उरलेल्या तिन्ही तारा शहारल्या. मुलीने थोरलीला टिचकी मारली. ठब्ब. "हिला काय झालं?"

"आधी वाकवायची असते, मग कापायची. मी आधीच कापली."

मुलीने तुटकं टोक मुठीत घेतलं, माझ्या पेटीजवळ पडलेली चिंधी घेतली, तारांचं रिकामं पाकीट घेतलं आणि पळत सुटली. रंगपेटी इथेच राहिली.

खाली एका गाडीचं इंजिन चालू आहे. मला ते मघापासून ऐकू येतंय, असे खालचे आवाज मला लगेच कळतात. खांब बाटलीकडे बघतोय. आता त्याने तिची मान धरली. डाव्या हातात माझी, उजव्या हातात तिची. लपवशील का रे? पलंगाखाली, कपाटात, माझ्या कप्प्यात? नको लपवू. लपवालपवीनेच हे झालं. बोटं लपवलीस म्हणून झालं. ऐक माझं!

इंजिन बंद झालं.

जिन्यावर पावलं आहेत. जड, मधेच थांबणारी. खांबने बाटली उचलली. आणि टेबलाच्या कडेला होती ती मधोमध, उजेडात ठेवली.

ती दारात आली. खांद्यावर ओढणीला दुपारच्या कामातली एक टाचणी अजून तशीच आहे. मुठीत चिंधी आहे, डाग वर करून धरलेली.

"हात दाखवा."

त्याने दाखवले. सुईने बोटं टोचून घेतलेली बाई ती, एकेक बोट उजेडाकडे वळवून बघितलं तिने.

"कधीपासून?"

"कामावर ते नवीन औषध आलं तेव्हापासून."

"आणि मला सांगायचं नाही."

"तू घाबरली असतीस."

"मग आता काय केलं मी?" तिचा आवाज फाटला. तिने टेबलाकडे बघितलं. "ही प्यायला आणली?"

"हो," खांब म्हणाला.

या घरात या प्रश्नाला मी नेहमी 'नाही' हेच उत्तर ऐकलं होतं, आणि ते कधी खरं नव्हतं. हे पहिलं 'हो'. तिलाही ते नवीन असावं. ती खाली बसली, दुपारी बसली होती तशीच, पण या वेळी त्याच्या समोर.

"ओता," ती म्हणाली.

तो मला पलंगावर ठेवून बाथरूममध्ये गेला. दार उघडंच ठेवलं. बाटली रिकामी होईपर्यंतचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. तेवढ्यात तिने माझ्या थोरल्या तारेवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. "न मापता कापायचं नसतं, एवढंही कळू नये," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते मला कळलं नाही.

मग उठून खिडकीशी गेली. "तुझी बॅग वर आण गं!"

"आणि तुझी?" खालून आवाज आला.

खांब ओल्या हातांनी बाथरूमच्या दारात उभा होता. ती मागे वळली नाही.

"माझी राहू दे मामाच्या गाडीत. अजून."

तर मंडळी, आता माझ्या अंगावर तीन जिवंत तारा आहेत आणि घरात एक बॅग आहे. चौथी तार दुकानदार मागवेल. दुसरी बॅग कुठल्या दुकानात मागवायची, ते मला माहीत नाही. तोवर आहे त्यावर भागवायचं. तुमच्या घरात कुणी हळू आवाजात काही बोलत असेल, तर तोडून टाकायच्या आधी जरा वाकून ऐका, एवढंच माझं मागणं.

आता मला जाऊ द्या. त्याची ती वेळ झालीय, हात थरथरायला लागलेत. मुलगी कान लावून बसलीय. बाई आता दाराशी येऊन उभी आहे. ये रे खांब, तीन तर तीन. मान धर माझी. घट्ट धर.